फुगली आणि दळभद्री

"शिव की रं आता! किती मिजास करशील?"

केराकाकी कावळ्यावर ओरडली तसे घाटावरचे सगळे दचकले. भटजींची पळी हातातच राहिली. कावळा मात्र बाभळीच्या फांदीवर बसून मान इकडून तिकडं करत होता, जणू आम्ही सगळे त्याच्या लग्नाची बोलणी करायला आलोय आणि मुलगी त्याला पसंत नाही.

दौलतचा दहावा होता तो. दौलत म्हणजे केराकाकीचा एकुलता एक. माझा शेजारी, भावकीतला, एका बाकावरचा आणि भरतीच्या रांगेत माझ्या पुढं घुसून उभा राहिलेला. फौजेत लागलो दोघं बरोबरच, फक्त पलटणी वेगळ्या मिळाल्या. त्याची पलटण शांतिसेनेतून आफ्रिकेला गेली, दक्षिण सुदानला. तिथं धान्याच्या ट्रकांबरोबर जाताना वाटेत गोळीबार झाला. पेटलेल्या ट्रकमधून तिथल्याच एका ड्रायव्हरला ओढून काढायला हा पुढं गेला. ड्रायव्हर वाचला, हा नाही वाचला. तिरंग्यातून गावात आला, बंदुकांची सलामी झाली, पुढारी भाषणं करून गेले. आणि एवढं सगळं मानानं पार पडल्यावर आता एक कावळा अडून बसला होता.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय, त्याचं काहीतरी राहिलंय. मग एकेकानं पुढं व्हायचं, हात जोडायचे आणि राहिलेलं पुरं करायचा शब्द द्यायचा. सरपंच पुढं झाले. म्हणाले, "दौलतराव, वेशीवर तुमच्या नावाची कमान बांधतो." कावळ्यानं पाठ फिरवली. दौलतचे मामा म्हणाले, "भाच्या, तुझं लगीन ऱ्हायलं रं..." तर बायकांमधून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "आता त्येला बायको कुठली देतायसा? गप बसा की." मी म्हटलं, "दौल्या, काकीला मी अंतर देणार नाही." कावळ्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

शेवटी दौलतचा चुलता बापूनाना उठला. घसा खाकरला, टोपी सारखी केली, डोळे मिटले आणि म्हणाला, "लेकरा, तुझ्या रानाचा बांध म्या कोरलाय. ते खरंय. समद्यांच्या म्होरं सांगतो, जागा सोडतो. पर आता खाली ये."

बांध कोरल्याचं बापूनानानं आजवर देवळात शपथ घेऊन नाकारलं होतं. सगळ्यांची नजर कावळ्याकडं. कावळ्यानं पंख झटकले, सुरकन खाली आला आणि पिंडाच्या अंगावरून जाऊन बापूनानाच्या चपलेवर बसला. तिथं काहीतरी टोचून बघितलं आणि पुन्हा बाभळीवर.

"म्हंजी बांधाचा काय संबंध नव्हता," बापूनाना घाईघाईनं म्हणाला.

"संबंध नसू दे," काकी म्हणाली. "आता बोललायसा तर सोडा."

दहाव्याच्या दिवशी माणगंगेच्या कोरड्या पात्रात लोक तोंडाला उपरणं लावून हसत होते. दौलत असता तर वाळूत लोळला असता.

पण कावळा काही आला नाही. ऊन डोक्यावर आलं. काकी उठली, बाभळीखाली गेली आणि वर बघून बोलायला लागली. आवाज पार बसला होता तिचा. "ये की रं, दळभद्री कुठला. उशीर करायची खोडच हाय तुला. जेवायला हाका मारून मारून माझा घसा जायचा. आज तरी हाकंला ये." कावळा उडाला आणि नदीपल्याड निघून गेला. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि म्हणाले, शास्त्राला चालतं. शास्त्राला चाललं असेल, काकीला नाही चाललं.

"त्येचं काय ऱ्हायलंय, एवढं कुणीतरी मला सांगा," घरी येईपर्यंत ती हेच म्हणत होती.

आणि त्यानंतरही तेच. सुट्टीवर आलो की मी आधी काकीकडं जायचो. चहा व्हायचा, बापूनानाला बांध सोडायला कसा लावला याची गोष्ट नव्यानं व्हायची, दोघं हसायचो आणि मग काकी पदरानं तोंड पुसून विचारायची, "जोत्या, तू त्येचा जिवाचा. तुला तर ठावं असंल. काय ऱ्हायलं असंल त्येचं?" मला काय ठाऊक? दौलत म्हणजे काही मनात ठेवणारा माणूसच नव्हता. मनात आलेलं त्याच्या तोंडातून बाहेर पडायला क्षणभरही वेळ लागत नसे. त्याला दोनच गोष्टी लागायच्या, भाकरी आणि थट्टा. चपातीवर तर त्याचा राग होता. म्हणायचा, "हिला चावायचं काय? ही ओठावरच विरघळती."

भाकरी तो स्वतः थापायचा. सातवीत असताना काकीचा हात मोडला. तात्या, म्हणजे त्याचे वडील, आधीच गेलेले. घरात करणारं कुणी नाही. काकी गळ्यात हात बांधून चुलीपुढं बसली आणि पोराला शिकवायला लागली. पीठ कसं मळायचं, वरनं पाणी कसं लावायचं, आरावर कधी टेकवायची. गावातली पोरं त्याला 'दौलाबाई' म्हणायची. तो उलट म्हणायचा, "म्हणा. बायको माहेरी गेली की माझ्या दारात येऊ नका म्हंजी झालं." पुढं त्यातलेच दोघंतिघं गेले त्याच्या दारात, आणि त्यानं जेवायला घातलं त्यांना.

दोन वर्षांनी आमच्या पलटणीला हुकूम आला. तोच देश, तोच भाग, नाईलच्या काठावरची तीच छावणी. मी तोवर हवालदार झालो होतो. जायच्या आधी सुट्टीवर आलो, तर गावात बातमी पोचायच्या आत काकी माझ्या घरी पोचली. हातात फडक्यात बांधलेली भाकऱ्यांची चळत आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा.

"उन्हात वाळवून कडक केल्यात. ह्या तुला. आन ही एक येगळी बांधलीय, हिला हात लावू नगंस. दौल्या जिथं पडला तिथं ठिव. कावळा शिवतो का बघ."

"काकी, तिथं कावळं असत्यात का न्हाई कुणाला ठावं."

"माणसं हायती न्हवं तिथं? मग कावळं असणारच."

माझी बायको सुरेखा चहा गाळत होती. तिला राहवलं नाही. "आन काकी, जिराफानं खाल्ली तर?"

"तर जिराफ शिवला म्हणून सांगावा धाडायचा," काकी म्हणाली. मग माझा हात धरला आणि हसणं बाजूला ठेवून म्हणाली, "पर जोत्या, जे व्हईल ते खरं सांग. माझ्या समाधानापायी खोटं बोललास तर मला कळंल. मला एवढंच बघायचंय, माझ्या लेकाचं काय ऱ्हायलंय ते. ते कळल्याबिगर मी मरायची न्हाई."

माझा कावळ्यावर विश्वास नाही. पण काकीवर आहे. फडकं ट्रंकेत ठेवलं.

तिकडं उतरलो आणि पहिली गोष्ट बघितली ती माती. काळी माती! आपल्या रानासारखी, पावसात बुटाला चिकटून चिखलाचे गोळे करणारी. झाडं बघितली तर कडुलिंब. आणि शेतात हत्ती उभा केला तर दिसणार नाही अशी उंच ज्वारी. त्यांचं तेच मुख्य धान्य. दुरा म्हणतात तिला. मी मनात म्हटलं, दौल्या, लेका, परदेशात आलास म्हणून गावभर मिरवलास आणि आलास कुठं, तर माणदेशात.

पहिल्याच आठवड्यात बाजारातून पायी गस्त होती. निळ्या टोप्या घालून आम्ही चाललो होतो. माझ्या मागं लान्स नाईक घाडीगावकर, कोकणातला, आणि बरोबर दुभाष्या पीटर. पीटर तिथलाच. भारतीय पलटणींबरोबर राहून मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. सुक्या माशांचे ढीग, जुने कपडे, कोळशाची पोती असं बघत चाललो होतो आणि पुढून आवाज आला.

"फुगली! फुगली! फुगली!"

मी जागीच उभा राहिलो. वाटलं ऊन लागलं. पुन्हा आवाज, खणखणीत, बाईचा. "फुगली! फुगली!"

कडुलिंबाखाली ओळीनं चारपाच बाया बसल्या होत्या. प्रत्येकीपुढं चूल, चुलीवर लोखंडी पत्रा. मधली चांगली उंच, डोक्याला पिवळं फडकं, वयानं काकीएवढी. तिच्या पुढ्यातल्या टोपलीत भाकऱ्या होत्या. आपली भाकरी. पापुद्रा सुटलेली, कडेनं जरा करपलेली, ज्वारीची भाकरी. त्या मुलखात असली भाकरी नसते. ते लोक पातळ घावनासारखं काहीतरी करतात, नाहीतर पिठाचा गोळा शिजवतात.

बाईनं मला बघितलं, एक टम्म भाकरी उचलली आणि विचारलं, "फुगली?"

मी तिच्या टोपलीकडंच बघत राहिलो. तिला वाटलं मला नको आहे. तिनं दुसऱ्या टोपलीतली एक चपटी, मधे चीर गेलेली भाकरी उचलली, घाडीगावकरच्या तोंडासमोर धरली आणि तितक्याच गंभीरपणे विचारलं, "दळभद्री?"

"हवालदारसाब!" घाडीगावकर एक पाऊल मागं सरला. "ही बाय माका दळभद्री म्हणता! मी हिचा काय केलंय?"

मी हसायला लागलो. हसता हसता खालीच बसलो. डोळ्यांतून पाणी, पोटात कळ, खांद्याला बंदूक. घाडीगावकर मला पाणी पाजायला लागला. पीटर बाईशी काहीतरी बोलला आणि मला म्हणाला, "साब, ये दो टाइप का रोटी है. फुगली अच्छा वाला, थोडा महंगा. दळभद्री सस्ता. दोनों इंडिया का नाम है. आपको मालूम नहीं?"

"मालूम है," मी म्हटलं. "किसने सिखाया, पूछो."

बाईचं नाव अबुक. तिनं जे सांगितलं ते पीटरनं मला तोडून तोडून सांगितलं. एक दिवस एक भारतीय शिपाई असाच गस्तीवर आला. तिच्या टोपलीत ज्वारी बघून थांबला. मूठभर दाणे उचलले, वास घेतला आणि मोठ्यानं ओरडायला लागला. तिला वाटलं धान्यात विंचू निघाला. मग बाजाराच्या प्रत्येक दिवशी यायला लागला. रजा मिळेल तेव्हा, बाजूला दोस्त उभा करून. एकदा तिला उठवून स्वतः चुलीपुढं बसला, बाही वर केली आणि पीठ मळायला लागला. बाया जमल्या. पुरुष आणि चुलीपुढं! हसून हसून त्यांची पुरेवाट झाली. पहिली भाकरी फुगलीच नाही. तो कपाळावर हात मारून म्हणाला, दळभद्री! दुसरी चांगली टम्म फुगली. तर हा उठून दोन्ही हात वर करून नाचायला लागला, फुगली! फुगली! आम्हाला वाटलं, अबुक म्हणाली, नावंच आहेत ही. चांगलीचं एक आणि बिघडलेलीचं एक.

"आणि नंतर तुम्ही शिकलात?"

अबुकनं बोलून दाखवलं नाही, करूनच दाखवलं. परातीत पीठ ओढलं, मळलं, हातावर घेऊन थापली. गोल गोल फिरवत, करंगळीनं कड सांभाळत. हुबेहूब काकीची थाप. पत्र्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, आरावर टेकवली. फुगली. उचलून टोपलीत टाकली आणि झटक्यात दोन बोटांनी कानाची पाळी धरली.

शेजारच्या बाईनं तिची भाकरी काढली, तिनंही कानाची पाळी धरली. तिसरीनंही.

"ये कान क्यों पकड़ते हैं?" मी पीटरला विचारलं.

त्यानं अबुकला विचारलं. अबुक मला मूर्खात काढल्यासारखी म्हणाली, "तसंच करायचं असतं. नाहीतर पुढची फुगत नाही."

चटका बसला की आपण बोटं कानाच्या पाळीला लावतो. काकी लावायची, काकीचं बघून दौलत लावायचा. या बायांना वाटलं तो कृतीचाच भाग आहे! ओळीनं बसलेल्या त्या बाया, गंभीर चेहऱ्यानं, दर भाकरीला कान धरत होत्या. मी त्यांना काही सांगितलं नाही. कोण सांगेल?

अबुकनं विचारलं, "तू त्याचा कोण?"

मी म्हटलं, "गावचा. शेजारी."

"म्हणजे भाऊ," ती म्हणाली आणि विषय संपवला. मग चुलीतलं लाकूड सारत म्हणाली, "एका बाजाराला तो आला नाही. त्याचा दोस्त एकटाच आला. टोपी काढून हातात धरली आणि इथं उभा राहिला. बोलला काहीच नाही. मग आम्हाला कळलं." पत्र्यावरची भाकरी उलटली आणि हसून म्हणाली, "खायचा कसा, माहितीय? फुगली असेल ती दुसऱ्याला द्यायचा. स्वतः दळभद्री खायचा. म्हणायचा, हीच जास्त गोड."

त्यानंतर जिथं दौलत पडला तिकडं आमची गस्त लागायला बरेच दिवस गेले. रस्ता पावसानं बंद होता. उघडला तेव्हा मेजर नंबियार साहेब स्वतः निघाले. मी काकीची वेगळी बांधलेली भाकरी घेतली. सकाळी बाजारावरून जाताना अबुकनं गाडी थांबवून माझ्या हातात फडकं दिलं. "फुगली संपल्या," तिनं हातानं खुणावलं. "दळभद्री आहे. वाटेत खा."

ती जागा म्हणजे रस्त्याच्या कडेला गंजून पडलेला ट्रकचा सांगाडा आणि चहूकडं कमरेएवढं गवत, बाकी काही नाही. सांगाड्यावर दोन कावळे बसले होते. काकीचं खरं निघालं. पण कावळे असे की मी डोळे चोळले. अंग काळं कुळकुळीत आणि छातीवर गळ्यापर्यंत पांढरं, बंडी घातल्यासारखं.

मी जमीन साफ केली, पान नव्हतं म्हणून कागदाची ताटली मांडली, काकीची भाकरी ठेवली, वर चटणी ठेवली आणि हात जोडले.

"जोतिराम," मेजर साहेब मागून म्हणाले, "ये क्या है?"

मी सांगितलं. दहावा, बाभळ, केराकाकी, सगळं. मला वाटलं हसतील. साहेब केरळचे. त्यांनी हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "ऐसे नहीं आएगा. हमारे यहाँ गीले हाथ से ताली बजाते हैं." बाटलीतलं पाणी हातावर ओतलं आणि टाळ्या वाजवायला लागले. साहेब वाजवतात म्हटल्यावर घाडीगावकरनं वाजवल्या. मग सगळ्या तुकडीनं. आफ्रिकेच्या माळावर निळ्या टोपीतले दहाबारा जवान ओल्या हातांनी टाळ्या वाजवतायत आणि दोन बंडीवाले कावळे आमच्याकडं बघतायत. पीटर गाडीतून उतरला, बघितलं आणि पुन्हा गाडीत जाऊन बसला.

कावळे हलले नाहीत. मी बोलून बघितलं. "दौल्या, काकी बरी आहे. बापूनानानं बांध सोडलाय, काकीनं स्वतः मोजून घेतला. वेशीवर कमान झाली, तुझं नाव वाकडं लिहिलंय पण मोठं लिहिलंय. काय राहिलंय तुझं, सांग की बाबा. तुझी आई वाट बघतीय." एक कावळा खाली आला, काकीच्या भाकरीवर एकदा चोच आपटली, टक् असा आवाज आला, आणि परत जाऊन बसला. काही महिने ट्रंकेत राहिलेली भाकरी ती. लाकूड झालं होतं तिचं.

"थोडा रुको," साहेब म्हणाले.

थांबलो. ऊन वाढलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी गाडीच्या सावलीला टेकलो, अबुकचं फडकं सोडलं, दळभद्रीचा तुकडा मोडला आणि तोंडाकडं नेला. तेवढ्यात कानाजवळ पंखांचा फडफडाट झाला, बोटाला चोच लागली आणि तुकडा गेला. "आरं! आरं!" म्हणेपर्यंत दुसरा आला आणि मांडीवरची अख्खी उरलेली भाकरीच घेऊन गेला. दोघं सांगाड्यावर बसून भांडत भांडत खायला लागले. शब्द नको, हात जोडणं नको, ताटली नको.

"हो गया?" साहेबांनी विचारलं.

"हो गया, सर."

"लेकिन वो तो तुम्हारा नाश्ता था."

"सर, उसकी आदत ही ऐसी थी," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. दौलत गेल्याचं कळलं तेव्हा मी रडलो नव्हतो. तिरंगा आला तेव्हा नाही, घाटावर नाही. तिथं रडलो, मोठ्यानं, लहान पोरासारखा. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला आणि बाकीच्यांना तोंड पलीकडं करायला सांगितलं. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की परत येताना घाडीगावकरच्या वाटणीची बिस्किटंसुद्धा मीच खाल्ली.

रविवारी दुपारी काकीला फोन लावला. पलीकडं कोंबड्यांचा आवाज. "थांब, हाकलते," असं ओरडून मग काकी आली.

"काकी, कावळा शिवला."

"खरं सांगतूस?"

"दौल्याची आण."

"कसला व्हता?"

"बंडीवाला. हितलं कावळं बंडी घालत्यात."

"घालू देत. काय बोललास तू? कशाचा शबुद दिलास? काय ऱ्हायलं व्हतं माझ्या लेकाचं?"

"काहीच बोललो न्हाई काकी. माझ्या हातातली भाकरी वढून न्हेली."

"माझी भाकरी?"

इथं मी अडखळलो. पण खोटं बोलायचं नाही असं ठरलं होतं. "तुझीवर चोच मारली, पर लाकूड झालं हुतं तिचं. न्हेली ती हितली." आणि मग मी सगळं सांगितलं. काळी माती, ज्वारी, अबुक, पहिली बिघडलेली, दुसरीला नाचणं. बाया कान धरतात म्हटल्यावर काकी अशी हसली की कोंबड्या पुन्हा ओरडल्या. "आगं बया! कान धरत्यात? समद्या?"

"समद्या. आन काकी, भाकरीची नावंबी त्येनंच ठेवल्यात. चांगलीला फुगली म्हणत्यात, आन बिघडलेलीला दळभद्री. बाजारात वरडून इकत्यात. कावळ्यानं न्हेली ती दळभद्रीच."

हसणं थांबलं. मला वाटलं फोन तुटला.

"काकी?"

"भाकरीला दळभद्री म्हणत्यात?"

"व्हय. तू शिकवताना म्हणायचीस न्हवं, तेच..."

"म्या?" काकी म्हणाली. "आरं, अन्नाला कोण असं म्हणतं का? भाकरीला म्या जल्मात कधी नाव ठेवलं न्हाई. ती बिघडली की त्येला म्हणायची. दौल्याला. बघ, दळभद्री कुठला, वाया घालवलीस. आन तो ती बिघडलेली पयली उचलायचा. म्हणायचा, दळभद्री मीच हाय, तर माझीच."

छावणीतल्या फोनसाठी माझ्या मागं रांग लागली होती, पण मी फोन सोडला नाही.

मग काकी म्हणाली, "जोत्या, म्हंजी तिथल्या बाया बाजारात बसून माझ्या लेकाला हाका मारत्यात व्हय रं?"

"व्हय काकी. बाजार असला की दिवसभर."

"आन तो जातो. हाकंला."

"शिवला की काकी."

पदरानं नाक पुसल्याचा आवाज आला. मग तिचा नेहमीचा आवाज, खणखणीत, घाटावरचा. "मग काय ऱ्हायलंय म्हणून मी उगं इचारत बसली. तो तर समदाच तिथं ऱ्हायलाय. त्या बाईला सांग, माझा नमस्कार सांगितलाय म्हणून. आन बाकी काय बोलू नगंस. कानाचंबी न्हाई आन नावाचंबी न्हाई. ऱ्हाऊ दे तसंच."

"बरं काकी."

"आन तू खाल्लंस का काय? का तुझीबी कावळ्यानंच न्हेली?"